पायरोग्राफी: छापाची कड पुसत नाही, रेघ डागाळते, शिरोरेषा वाकडी जाते

पायरोग्राफीचं, म्हणजे तापलेल्या टोकाने लाकूड जाळून नक्षी काढायचं, पेन घरात आलं की बहुतेकांचं पहिलं काम ठरलेलं असतं, घराच्या नावाची पाटी. तक्रारीही ठरलेल्याच येतात. अक्षरांभोवती राखाडी कड राहते आणि खोडरबराने जात नाही. रेघ जिथे सुरू होते तिथे काळा ठिपका पडतो. शिरोरेषा पट्टी लावून आखलेली असली तरी जाळताना वरखाली होते. मग दोष पेनला दिला जातो, त्याहून महाग पेन आणलं जातं आणि दुसऱ्या पाटीवर तेच डाग पुन्हा उमटतात. यातल्या बऱ्याचशा चुका पेन तापायच्या आधीच होऊन गेलेल्या असतात: फळी निवडताना, घासताना आणि तिच्यावर नक्षी उतरवताना.

खालचं सगळं एका नेहमीच्या जुळणीला धरून लिहिलं आहे. साधारण ३० × १२ सेंटिमीटरची, १८ मिलिमीटर जाडीची पाइनची फळी, आणि ६० वॉटचं, पितळी टोकं बदलता येणारं, २०० ते ४५० अंशांचं बटण असलेलं पेन. तारेच्या टोकाचं, ट्रान्सफॉर्मरवर चालणारं यंत्र असेल तर फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

छापाची कड पुसत नाही

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार, आणि तिच्यामागे बहुतेक वेळा कार्बन पेपर असतो. पावतीपुस्तकात घालतो तो निळा किंवा काळा कार्बन म्हणजे मेणात कालवलेला रंग. हे मेण लाकडाच्या छिद्रांत शिरतं. खोडरबर ते उचलत नाही, नुसतं पसरवतं. तापलेलं टोक जवळ आलं की मेण वितळून आणखी आजूबाजूला झिरपतं, म्हणून जाळण्याआधी केसासारखी दिसणारी निळी खूण जाळल्यावर रुंद आणि मळकट होते. एकदा हे झालं की ३२० नंबरचा पॉलिश पेपर तंतूंच्या दिशेने हलक्या हाताने फिरवणं एवढाच उपाय उरतो. हलकी छटा दिलेल्या भागात तेही जमत नाही, कारण फिकट जळण अगदी वरच्या थरात असतं आणि मेणासोबत तेही निघून जातं. थोडक्यात, कार्बन पेपर लाकडाला लावूच नये.

त्याऐवजी ग्रॅफाइट पेपर घ्या. कलासाहित्याच्या दुकानात मिळतो आणि एकच ताव बरीच कामं पुरतो. जवळपास मिळत नसेल तर घरच्या घरी होतो. नक्षीच्या कागदाच्या मागच्या बाजूला, फक्त रेघा येतात तेवढ्या भागात, ४बी किंवा ६बी पेन्सिल आडवी धरून एकसारखी घासा. मग कापसाच्या कोरड्या बोळ्याने ते गोल गोल चोळा आणि कागद झटका. हे चोळणं टाळलं की सुटी भुकटी फळीवर पडते, हाताखाली घासली जाते आणि सगळी फळी करडी दिसते. ८बी पेन्सिल नको, ती फार सुटते.

ग्रॅफाइट वापरूनही कड राहते, असं सांगणारे असतात. तिथे कारण वेगळं. ग्रॅफाइट पेनच्या तापमानाला जळून जात नाही. रेघेवरून टोक गेलं की तो लाकडात घोटला जातो, चकचकीत होतो आणि मग खोडरबराला दाद देत नाही. म्हणून छाप जेमतेम दिसेल इतकी फिकट ठेवायची. छाप उतरल्यावर पांढऱ्या मऊ खोडरबराने, किंवा मळता येणारा रबर असेल तर त्याने, घासायचं नाही, नुसतं वरून थोपटायचं. जादा भुकटी रबराला चिकटते आणि पुसट रेघ उरते. ती पेनच्या टोकापेक्षा बारीक असली की जळण तिला पूर्ण झाकतं. उरलीसुरली रेघ फळी पूर्ण थंड झाल्यावर पुसा. पेन्सिलीच्या मागचा गुलाबी रबर मात्र वापरू नका, कोवळ्या रंगाच्या लाकडावर त्याची झाक राहते.

कधी कधी पुसली न जाणारी कड रंगाची नसतेच. फळी खिडकीकडे तिरपी धरा. रेघेच्या जागी सावली दिसली तर तो बॉलपेनच्या दाबाने पडलेला चर आहे. पाइन, कळंब ही लाकडं इतकी मऊ की नखानेही दबतात. असा चर पडला की पेनचं टोकही त्यात घसरतं आणि नक्षी सोडून भलतीकडे जातं. जाळण्याआधी लक्षात आलं तर दुरुस्ती सोपी आहे: सुती फडकं ओलं करून पिळा, घडी करून चरावर ठेवा, वरून गरम इस्त्री पाच-सहा सेकंद दाबा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. रात्रभर वाळू द्या, ३२० ने हलकं घासा आणि छाप पुन्हा घ्या.

दाब द्यावा लागतो कारण कागद जाड असतो. नेहमीचा ७५ जीएसएमचा कागद, खाली ग्रॅफाइट पेपर, शिवाय नक्षी कागदावर डकवलेली असेल तर आणखी एक थर. बटर पेपरवर नक्षी काढून घेतली तर संपलेल्या रिफिलचं पेन नुसतं फिरवूनही छाप उतरते. पहिल्या दोन रेघा झाल्या की एक कोपरा उचलून पाहा आणि दाब तिथेच ठरवा.

छाप सरकते, अर्धी उतरते, उलटी उतरते

सरकण्याचं कारण चिकटपट्टी. सेलोटेप लावू नका, तिचा डिंक लाकडावर राहतो आणि त्यावरून टोक गेलं की पिवळट, ओशट डाग पडतो. रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या. कागदाची वरची कड पूर्ण लांबीला चिकटवा, खालचे दोन कोपरे नुसते धरून ठेवण्यापुरते. मग खालचे कोपरे सोडून कागद बिजागरीसारखा वर उचलता येतो आणि परत जागच्या जागी बसतो. फळीवर आणि कागदावर दोन्हीकडे मध्यरेषा आखून त्या जुळवा, नाव कडेला गेल्यासारखं दिसणार नाही.

अर्धी छाप टाळायला गिरवताना लाल शाईचं पेन वापरा. काळ्या छापील रेघेवर लाल नसेल तिथे गिरवायचं राहिलं आहे हे लगेच कळतं.

उलटी छाप येते ती इस्त्रीच्या पद्धतीत. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्सची काळी पूड ही प्लॅस्टिकची असते. तिला उष्णता दिली की मऊ होऊन लाकडाला चिकटते. कागद पालथा ठेवायचा असल्याने प्रिंट आरशातल्यासारखी उलटी काढावी लागते. इस्त्री ‘कॉटन’वर, वाफ बंद, एका जागी १५-२० सेकंद दाबून धरायची. पुढेमागे फिरवली की अक्षरं पुसट होतात. कोपरा उचलून पाहायचा, उतरलं नसेल तर परत टेकवून आणखी दाबायचं. इंकजेटच्या प्रिंटने हे होत नाही, कारण तिची शाई कागदात मुरलेली असते. प्रिंटरवर शाई वाचवायची सेटिंग चालू असेल तरी छाप अर्धवट येते. या पद्धतीचा खरा तोटा वेगळाच: ही काळी पूड पुसता येत नाही, घासूनच काढावी लागते, आणि तिच्यावरून टोक नेलं की ती वितळून टोकाला चिकटते, प्लॅस्टिक जळल्याचा वास येतो. अक्षरं पूर्ण काळी भरून छापून मग वर जाळत बसू नका. फक्त बाह्यरेषा, तीही अर्ध्या पॉइंटची, छापा. थिनर किंवा ॲसिटोन चोळून छाप घेण्याची पद्धतही सांगितली जाते. हे द्रव झटकन पेट घेतात आणि शेजारी तापलेलं टोक असतं, त्यामुळे नवशिक्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

एकच नक्षी वीस कोस्टरवर उतरवायची असेल तर पुरचुंडीइतकी चांगली रीत नाही. बटर पेपरवर नक्षी काढा, खाली जाड नॅपकिन घाला आणि रेघेवर दोन-दोन मिलिमीटरवर सुईने भोकं पाडा. पातळ मलमलीत कोळशाची वस्त्रगाळ पूड बांधा आणि ती पुरचुंडी भोकांवर थोपटा, घासू नका. उमटलेले ठिपके पेन्सिलीने हलके जोडा, उरलेली पूड मऊ ब्रशने झटका. मेण नाही, चर नाही, कागद कितीही वेळा वापरा.

गडद लाकडावर, म्हणजे सागावर किंवा शिसवीवर, ग्रॅफाइट दिसतच नाही. तिथे कागदाच्या मागे पांढरी पेन्सिल किंवा शिंप्याचा खडू घासा. पण जळलेली रेघही त्यावर उठून दिसत नाही, हे आधी मनाशी ठरवून मगच तसं लाकूड घ्या.

देवनागरी अक्षरांची दुखणी

इंग्रजी अक्षरांसाठी दिलेल्या सूचना वाचून देवनागरी जाळायला घेतलं की दोन गोष्टी हमखास अडतात: अक्षरांची पोटं बुजतात आणि शिरोरेषा बिघडते.

जळलेली रेघ छापापेक्षा दोन्ही बाजूंना थोडी रुंद होते. त्यामुळे क, ष, भ, म यांतल्या मोकळ्या जागा कागदावर ठीक दिसल्या तरी लाकडावर भरून येतात. अक्षराची उंची ४ ते ५ सेंटिमीटर, दांड्याची जाडी किमान ४ मिलिमीटर आणि आतली सगळ्यात लहान मोकळी जागा निदान २ मिलिमीटर, एवढं धरून चाला. फॉण्ट एकसारख्या जाडीचा हवा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉण्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फुकट मिळणारे फॉण्ट या कामाला चांगले. बोरूच्या वळणाचे, जाड-बारीक होणारे फॉण्ट पहिल्या पाटीला नकोत, त्यांची निमुळती टोकं जाळताना हमखास फुगतात. बऱ्याच फॉण्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी वळणाचे हवे असतील तर ते छापण्याआधीच पाहून बदला.

प्रिंट काढण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचा. काही चित्र-सॉफ्टवेअर जोडाक्षरं मोडतात. ‘आशीर्वाद’मधला रफार भलत्या अक्षरावर जातो, ‘स्नेह’मध्ये स ला हलन्त दिसतो, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते. जाळल्यावर लक्षात आलं तर फळी गेली. नाव आधी वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये टाइप करून पीडीएफ काढली की हा प्रश्न सहसा येत नाही. प्रिंट काढताना ‘पानावर बसवा’ हा पर्याय बंद करून मूळ आकारात काढा. आडवा ए-४ कागद २९.७ सेंटिमीटरचा, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या पाटीपेक्षा जरासाच लहान असतो आणि नाव त्यावर मावतं, पण तो पर्याय चालू राहिला तर नाव लहान होऊन येतं.

आता शिरोरेषा. आडव्या पाटीवर ती तंतूंच्या दिशेनेच जाते. पाइनमध्ये फिकट मऊ पट्टा आणि गडद कडक पट्टा आळीपाळीने असतात. टोक कडक पट्ट्यावर चढत नाही, मऊ पट्ट्यात घसरतं आणि त्याच्याच कडेने चालायला लागतं. हात कितीही सरळ असला तरी रेघ पट्ट्याच्या मागे जाते. स्टीलची पट्टी टेकवून जाळावं असं वाटतं, पण पट्टी टोकाची उष्णता ओढून घेते आणि रेघ फिकट, तुटक येते. प्लॅस्टिकची पट्टी तर वितळतेच.

उपाय असा. स्टीलची पट्टी ठेवून धारदार कटरने शिरोरेषेच्या वरच्या आणि खालच्या कडेला हलका काप द्या, खोली अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. एका जोरात नको, दोन-तीन हलक्या फिरवण्यांत. मग पट्टी काढून ठेवा आणि पात्यासारखं टोक त्या कापात बसवून मोकळ्या हाताने ओढा. कापलेले तंतू टोकाला वाट देतात, शिवाय मधला भाग भरताना जळण कापाच्या पलीकडे पसरत नाही.

क्रमही महत्त्वाचा. शिरोरेषा सगळ्यात शेवटी जाळा. अक्षरांचे उभे दांडे शिरोरेषेच्या पट्ट्यात टोक टेकवून तिथून खाली ओढायचे. रेघेच्या सुरुवातीला पडणारा काळा ठिपका मग शिरोरेषेच्या जाडीत पडतो आणि ती भरली की दिसेनासा होतो. शिरोरेषा आधी जाळली तर प्रत्येक दांडा जिथे तिला भेटतो तिथे दुहेरी जळून खड्डा पडतो.

वारली नक्षीलाही हाच विचार लागू पडतो. तिथे माणसाच्या धडाचे दोन भरीव त्रिकोण असतात. छापताना त्रिकोण भरू नका, फक्त कडा उतरवा. आधी तिन्ही बाजू जाळा, मग आतून कडेकडे भरत जा. हातपाय एकेका रेघेत, धडापासून बाहेर ओढायचे. मूळ चित्रं गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढरी असतात आणि इथे फिकट लाकडावर गडद येतात, त्यामुळे गर्दीची नक्षी निवडली तर सगळं काळंच दिसतं. आकृत्यांमध्ये मोकळी जागा जास्त ठेवा.

रेघेच्या टोकांना ठिपके, मध्ये फिकटपणा

पेन हवेत धरलेलं असताना टोकात उष्णता साठते. लाकडाला टेकताक्षणी ती एकदम उतरते आणि ठिपका पडतो. पुढे ओढत गेलं की पितळी टोक थंड होत जातं आणि रेघ फिकी पडते. म्हणजे गडद सुरुवात आणि फिकट शेवट या एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत.

शेजारी त्याच लाकडाचा तुकडा ठेवा. प्रत्येक रेघेआधी टोक त्यावर क्षणभर टेकवून जादा उष्णता काढून टाका. टोक लाकडाला लागतं तेव्हा हात आधीच चालता हवा, आणि उचलतानाही चालताच. टेकवून मग ओढायला सुरुवात केली की ठिपका आलाच. पाइनवर ३०० ते ३५० अंशांना सेकंदाला तीन ते पाच मिलिमीटर, हा सुरुवातीचा वेग धरा. तीन-चार सेंटिमीटर झाले की उचला, दोन-तीन सेकंद थांबा, टोक पुन्हा तापू द्या आणि मागची रेघ थोडी झाकत पुढे जा. तारेच्या टोकाला हा थांबा लागत नाही, ते क्षणात तापतं, पण तितक्याच क्षणात डागही पाडतं.

रेघ नेहमी स्वतःकडे ओढा. पुढे ढकलली की टोक तंतूत रुततं आणि रेघ धडपडत जाते. वळण आलं की मनगट वळवण्यापेक्षा फळी फिरवा. मोठ्या फळीखाली सुती कापड घातलं की ती सहज फिरते.

अक्षराच्या कडेला भाजल्यासारखी तपकिरी झाक येत असेल तर उष्णता जास्त आहे. लाकूड साधारण २०० अंशांपासून तपकिरी व्हायला लागतं, आणि ४०० च्या पुढे हात हळू चालला की आजूबाजूचा भागही भाजतो. गडद काळा रंग एका फेरीत काढायचा आग्रह सोडा. मध्यम उष्णतेच्या दोन फेऱ्यांत तो जास्त एकसारखा येतो आणि कडा स्वच्छ राहतात.

नेमकी उष्णता किती, याचं उत्तर त्याच फळीच्या मागच्या बाजूला शोधा. २५०, ३००, ३५०, ४०० आणि ४५० वर प्रत्येकी पाच सेंटिमीटरची रेघ ओढा, शेजारी पेन्सिलीने आकडा लिहा. पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या फळीवर केलेली चाचणी उपयोगाची नाही, एकाच झाडाच्या दोन फळ्याही वेगवेगळ्या जळतात.

पेन तापत नाही, किंवा कधी जास्त कधी कमी तापतं

पितळी टोकाच्या पेनला पूर्ण तापायला चार-पाच मिनिटं लागतात. एवढं थांबूनही रेघ फिकी येत असेल तर आधी टोकाची पेच पाहा. ते अर्धं फिरवून सैल राहिलं असेल तर उष्णता पुढे पोचत नाही. पेन बंद करून, पूर्ण गार झाल्यावर, पक्कडीने हलकं कसा. गरम असताना आवळू नका: तापलेलं पितळ मऊ असतं, आटे तुटतात आणि अर्धा तुकडा आतच अडकतो.

दुसरं कारण टोकावर बसलेली काजळी. ती उष्णता अडवते आणि लाकडावर काळे ओरखडे ओढते. काम चालू असताना दर काही मिनिटांनी टोक पितळी तारेच्या ब्रशवर फिरवा. कानशीने किंवा जाड पॉलिश पेपरने खरवडलं तर टोकाचा आकारच बदलतो. राळ असलेल्या पाइनवर काजळी जास्त लवकर धरते.

तिसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे व्होल्टेज. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संध्याकाळी २३० चं १९० झालं तर ६० वॉटच्या पेनला जेमतेम ४१ वॉट मिळतात, आणि दुपारी ठरवलेली ३५० ची खूण रात्री फिकी रेघ देते. अनेक स्वस्त पेनांचं बटण टोकाचं तापमान मोजत नाही, फक्त वीज कमी-जास्त करतं, त्यामुळे त्यावरचा आकडा अंदाज समजा. व्होल्टेज फार हलत असेल तर स्टॅबिलायझर लावा, नाहीतर पाटीचं एक नाव एकाच बैठकीत संपवा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेलं पेन असेल तर प्लग बदलणारा अडॅप्टर लावून थेट जोडू नका. १२० व्होल्टचं साधं पेन २३० वर साडेतीनपटीहून अधिक शक्ती ओढतं आणि आतला कॉइल जळतो. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, पेनच्या वॉटपेक्षा चांगला जास्त क्षमतेचा, हवाच.

लाकडाचं काय

फिकट रंग, बारीक पोत, गाठ नाही, राळ कमी. एवढं ज्या लाकडात आहे ते चांगलं. वखारीत शिवण, कळंब, हेदू यांचे उरलेले तुकडे मागून पाहा. शिवण मिळाली तर पाइन घेऊच नका, इतका फरक पडतो. स्टीम बीच कडक आहे, उष्णता जास्त लागते, पण रेघ कातीव येते. आंब्याच्या फळीत रंगाचे पट्टे असतात, नक्षी त्यांच्याशी भांडते. रबरवूडच्या फळ्या बहुधा तुकडे जोडून केलेल्या असतात. तो करवतीसारखा जोड अक्षराच्या दांड्याखाली येणार नाही असा कागद ठेवा, कारण डिंकाच्या रेघेवर जळण उमटत नाही. पाइनच घ्यायचं तर पट्टे एकमेकांजवळ असलेली फळी निवडा आणि गाठीवर काही छापू नका, तिथे राळ उकळून बाहेर येते.

घासणं १२०, १८०, २४०, ३२० या क्रमाने, नेहमी तंतूंच्या दिशेने. शेवटच्या घासणीआधी ओल्या फडक्याने फळी पुसून वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहतात, मग ३२० ने ते काढा. ही पायरी सोडली की बारीक रेघ काटेरी दिसते.

पावसाळ्यात, खास करून कोकणात, फळी ओलसर असते. टोक टेकवलं की बारीक चुरचुर ऐकू येते, रेघ फिकी पडते, कडा फुगतात. फळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज तोला. तीन-चार दिवस वजन तेच राहिलं की ती खोलीच्या हवेला स्थिरावली असं समजा. उन्हात ठेवून घाई केली तर वाकते.

काय जाळायचंच नाही

एमडीएफ (लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेली फळी), प्लायवूडचा चिकटवलेला थर, रंगवलेलं किंवा पॉलिश केलेलं जुनं लाकूड, वाळवीसाठी रसायन मारलेलं लाकूड. एमडीएफ तापलं की फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू सुटतो. प्लायवर जाळलंच तर वरच्या पापुद्र्यापुरतं, खोल नाही. परदेशातून आलेल्या पॅकिंग पेट्यांच्या फळ्यांवर गव्हाच्या लोंबीची खूण असलेला शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेने शुद्ध केलेलं, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घेऊ नका. कण्हेर आणि बिब्ब्याचं लाकूड कुठूनही मिळालं तरी पेनखाली आणू नका.

पंखा डोक्यावर नको, तो टोक थंड करतो आणि धूर तोंडावर फिरवतो. लहान टेबलफॅन फळीच्या पलीकडे, तोंड खिडकीकडे करून ठेवा म्हणजे धूर ओढला जाऊन बाहेर जाईल. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही, त्यामुळे मास्क आहे म्हणून एमडीएफ चालेल असं होत नाही. पेन ठेवायला फरशीचा तुकडा, त्यावर धातूचा स्टँड. हात भाजला तर २० मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. टूथपेस्ट नाही, हळद नाही.

पॉलिश लावल्यावर काळं पसरतं

जळलेल्या भागावर सुटी काजळी असते. ब्रशने पहिला हात दिला की ती ओढली जाऊन फिकट लाकडावर मळ पसरतो. आधी जुन्या मऊ टूथब्रशने, तंतूंच्या दिशेने, कोरडंच झटका, मग कोरड्या कापडाने टिपा. पहिला हात स्प्रेचा द्या, लांबून आणि पातळ. तो सुकला की वरचे हात ब्रशने देता येतात. पाण्यातलं पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) तंतू पुन्हा उभे करतं, म्हणून पहिल्या हातानंतर ४०० ने अगदी हलकं घासावं लागतं, पण जळलेल्या भागावर नाही. तेलातलं पीयू लाकूड पिवळसर करतं आणि फिकट छटा त्यात हरवतात, तेव्हा छटांचं काम असेल तर आधी मागच्या चाचणी-रेघांवर लावून पाहा.

दाराबाहेरच्या पाटीला बाहेरच्या वापराचं, अतिनील किरणं अडवणारं पीयू लावा: तीन पातळ हात, कडा आणि मागची बाजूसुद्धा. मागची बाजू कोरी सोडली की ओल तिथून शिरते आणि फळी वाकते. थेट उन्हात हलक्या छटा विरतात आणि लाकूड गडद होतं, म्हणून उन्हातल्या पाटीवर फक्त काळी, भरीव अक्षरं ठेवा.

पोळपाटावर नाव जाळायचं असेल तर कडेला किंवा खालच्या बाजूला, लाटायच्या जागेवर नाही. तिथे पीयू नको. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन कापडाने चोळा, रात्रभर मुरू द्या, सकाळी जादा पुसा, आणि पोळपाट कोरडा वाटायला लागला की पुन्हा लावा.